मॉनिटर स्पीकर : आकाशवाणीच्या कंट्रोल रूममधून दिल्लीच्या घरांत

स्टुडिओत वापरला जाणारा मॉनिटर स्पीकर हे तपासणीचे साधन आहे. ध्वनिमुद्रणात जे काही आहे ते पदरचे काही न घालता, काही न लपवता समोर ठेवणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. गायकाचा श्वास ऐकू आला तर तो श्वास मुद्रणातच आहे आणि तबल्याचा डग्गा घुमतो आहे असे वाटले तर तो खरोखरच घुमतो आहे, असा भरवसा मुद्रकाला वाटला पाहिजे. घरासाठी विकला जाणारा स्पीकर वेगळ्या हेतूने घडतो. तो दुकानात दोन मिनिटांत गिऱ्हाइकाच्या मनात भरायला हवा, म्हणून त्यात बेस थोडा फुगवलेला आणि वरचे स्वर थोडे चकचकीत केलेले असण्याची शक्यता अधिक. दिल्लीत पहिल्या प्रकारचे ऐकणे १९३६ मध्ये सुरू झाले. ते सामान्य घरापर्यंत पोचायला मात्र साठाहून अधिक वर्षे गेली आणि या विलंबाला केवळ किंमत कारणीभूत नव्हती.

दिल्लीचे नभोवाणी केंद्र १ जानेवारी १९३६ रोजी सिव्हिल लाइन्समधल्या १८, अलीपूर रोड या भाड्याच्या बंगल्यातून सुरू झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ हे नाव जाऊन ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. या खात्याचे पहिले प्रमुख लायोनेल फील्डन बीबीसीतून आले होते आणि मुख्य अभियंता सेसिल गॉयडर हेही तिथलेच. हे गॉयडर म्हणजे १९२४ मध्ये लंडनजवळच्या शाळेतल्या घरगुती बनावटीच्या संचावरून थेट न्यूझीलंडशी दुतर्फा रेडिओसंपर्क साधणारा विद्यार्थी. अशा माणसाच्या हाती यंत्रणा आल्यामुळे दिल्ली केंद्राची तांत्रिक शिस्त पहिल्यापासून बीबीसीच्या वळणाची झाली. स्टुडिओ वेगळा, कंट्रोल रूम वेगळी, मध्ये जाड काच, आणि काचेपलीकडच्या माणसाने स्टुडिओतला आवाज फक्त स्पीकरमधून ऐकायचा. मायक्रोफोनची जागा, वादकांचे अंतर, आवाजाची पातळी हे सगळे निर्णय त्या एका स्पीकरच्या साक्षीवर घ्यायचे.

१९४३ मध्ये केंद्र संसद मार्गावरच्या, खास प्रसारणासाठी बांधलेल्या ब्रॉडकास्टिंग हाऊसमध्ये गेले. तिथे हीच व्यवस्था अधिक पक्की झाली. प्रसारण चालू असताना ड्युटी रूममधला अधिकारी स्टुडिओतून निघालेला कार्यक्रम आणि ट्रान्समीटरवरून हवेत गेलेला कार्यक्रम यांवर कान ठेवून बसे. कुठे खरखर आली, कुठे आवाज तुटला, कुठे वक्ता माइकपासून लांब सरकला याची नोंद लॉग बुकात होई. त्या काळात दिल्लीत आवाज टीकाकाराच्या कानाने ऐकणारे लोक बहुधा एवढेच होते आणि ते सरकारी नोकर होते.

या ऐकण्याला सर्वांत जास्त वजन आले ते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात. पुण्यात जन्मलेले केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांना कात्री लावणारा मंत्री म्हणूनच ते आज आठवले जातात आणि त्या कात्रीमुळे श्रोते रेडिओ सिलोनकडे कसे वळले ही कथा वारंवार सांगितली जाते. पण त्यांच्याच कारकिर्दीत, १९५२ मध्ये, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये रेडिओ संगीत संमेलन भरू लागले, आणि कलाकारांच्या निवडीची ऑडिशन पद्धत देशभर लागू झाली. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर या पद्धतीच्या आखणीत पुढे होते. वशिलेबाजी टाळण्यासाठी उमेदवार परीक्षकांना दिसू नये, त्याचे नाव कळू नये, असा दंडक होता. उमेदवार स्टुडिओत गायचा आणि परीक्षक दुसऱ्या खोलीत स्पीकरमधून ऐकायचे.

या व्यवस्थेविरुद्ध तेव्हा मोठे वादळ उठले. घराण्याच्या नावावर उभ्या असलेल्या कलावंतांना परीक्षेला बसणे अपमानाचे वाटले आणि काहींनी आकाशवाणीवर बहिष्कार टाकला. त्या वादात एक तांत्रिक मुद्दा मात्र कोणी फारसा मांडलेला दिसत नाही. गायकाची श्रेणी आणि त्यावर अवलंबून असलेले त्याचे मानधन एका स्पीकरच्या प्रामाणिकपणावर ठरत होते. स्पीकरने मधल्या पट्टीतले स्वर दाबले असते तर दाणेदार आवाजाचा गायक परीक्षकांना मिणमिणता वाटला असता, आणि त्या स्पीकरला स्वतःचा घुमारा असता तर बारीक आवाजाचाही भरदार भासला असता. वरच्या श्रेणीचे निर्णय दिल्लीतल्या संगीत ऑडिशन मंडळापुढे ध्वनिमुद्रणे ऐकून होऊ लागले, तेव्हा या साखळीत मुद्रणयंत्र ही आणखी एक कडी वाढली. मॉनिटर नेमका असणे ही चैनीची गोष्ट नसून न्यायाची गोष्ट आहे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण भारतात सापडणार नाही.

नेमकेपणा म्हणजे काय, हा प्रश्न मात्र दिल्लीबाहेर सुटत होता. आजच्या स्पीकरचे मूळ रूप, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटवलेला कागदी शंकू, जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडले. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे स्पीकरच्या दर्जाबद्दल मतेच जास्त आणि मोजमाप कमी अशी स्थिती होती. बीबीसीच्या संशोधन विभागात शॉर्टर आणि हारवुड या अभियंत्यांनी त्यावर साधा उपाय शोधला. ओळखीच्या माणसाला स्टुडिओत बोलायला लावायचे, त्याचा आवाज शेजारच्या खोलीत स्पीकरमधून ऐकायचा, मग दार उघडून त्याच माणसाला प्रत्यक्ष ऐकायचे. वाद्याच्या आवाजाने कान फसू शकतो, पण बोलण्याच्या आवाजात दोष असेल तर कान लगेच चाळवतो. शॉर्टर यांनी १९५८ मध्ये उच्च दर्जाच्या मॉनिटर स्पीकरचे निकष एका निबंधात एकत्र मांडले आणि पुढची पिढी त्यावर वाढली.

या परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध अपत्य म्हणजे एलएस ३/५ए. बाहेरून प्रसारण करणाऱ्या व्हॅनमध्ये मोठा मॉनिटर मावत नसे आणि हेडफोनवर समतोल ठरवणे अभियंत्यांना पटत नसे. म्हणून १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात बीबीसीने सुमारे ३० सेंटिमीटर उंच, १९ सेंटिमीटर रुंद असा एक छोटा खोका तयार केला. त्यात खर्जाची अपेक्षाच सोडून दिली होती. सत्तर-ऐंशी हर्ट्झच्या खाली तो जवळपास गप्प होई. पण माणसाचा आवाज, सारंगी, व्हायोलिन असे मधल्या पट्टीतले सगळे तो विलक्षण खरेपणाने सांगत असे. परवाना घेऊन तो निरनिराळ्या कंपन्यांनी बनवला आणि इंग्लंडातल्या हौशी श्रोत्यांनी घराघरांत नेला. स्टुडिओचा मॉनिटर दिवाणखान्यात येण्याची ही पहिली मोठी लाट म्हणता येईल. अमेरिकेत त्याच सुमारास जेबीएलचा स्टुडिओतला मॉनिटर थोड्याफार फरकाने एल १०० या नावाने घरगुती बाजारात उतरला होता.

जपानमध्ये उलटे घडले. यामाहाने १९७८ मध्ये एनएस-१० हा स्पीकर घरासाठी काढला. घरच्या गिऱ्हाइकाला तो फारसा रुचला नाही, कारण त्यात खर्ज कमी आणि मधली पट्टी जरा बोचरी होती. पण मिक्सिंग करणाऱ्यांच्या लक्षात आले की यावर चांगले वाटणारे मिश्रण कुठल्याही रेडिओवर, गाडीत, स्वस्त डेकवर चांगलेच वाटते. पांढऱ्या शंकूची ती जोडी मग जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंग टेबलावर ठाण मांडून बसली. तिच्या ट्वीटरचा, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा, तिखटपणा कमी करण्यासाठी त्यावर टिश्यू पेपर चिकटवायची पद्धतही रूढ झाली. २००१ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि २००८ मध्ये तिला तांत्रिक योगदानाचा ग्रॅमी मिळाला. एनएस-१० मुळे एक गैरसमजही पसरला, तो म्हणजे मॉनिटर स्पीकर कर्कशच असतो, तो काम करण्यासाठी असतो, आनंदासाठी नव्हे. याची उलटतपासणी पुढे येईल.

दिल्लीच्या घरांत या सगळ्याचा मागमूस नव्हता. १९५० आणि ६० च्या दशकांत घरातला आवाज म्हणजे मर्फी, फिलिप्स, बुश यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. लाकडी पेटी, कापडाची जाळी आणि आत लंबगोल स्पीकर. पेटीचा स्वतःचा घुमारा आवाजात मिसळे आणि तोच त्याचा गोडवा मानला जाई. शिवाय मध्यम लहरींवरून येणारा आवाजच अरुंद होता. पुढे दोन केंद्रांच्या कंप्रतांमधले अंतर ९ किलोहर्ट्झवर आणले गेल्यावर श्रोत्यापर्यंत साडेचार-पाच किलोहर्ट्झपलीकडचे फारसे काही पोचत नसे. तंबोऱ्याच्या जवारीतली झळाळी, झांजेची किणकिण, ‘स’ आणि ‘श’ मधला स्पष्ट फरक हे सगळे त्या रेषेच्या वर राहते. अशा प्रसारणासाठी नेमका स्पीकर घेणे म्हणजे पैसे वाया घालवणेच ठरले असते, आणि लोकांनी ते घालवले नाहीत हे शहाणपणाचेच झाले.

त्याच काळात दिल्लीचा मोठ्या आवाजाचा धंदा जोमाने वाढला. फाळणीनंतर निर्वासितांसाठी लाल किल्ल्यासमोर वसवलेले लाजपतराय मार्केट हळूहळू रेडिओचे सुटे भाग, ॲम्प्लिफायर, कर्णे आणि स्पीकर यांची उत्तर भारतातली सर्वांत गजबजलेली पेठ बनले. आहुजा रेडिओज ही १९४० पासूनची दिल्लीची कंपनी सभा-समारंभांच्या ध्वनिव्यवस्थेत घरोघरी माहीत झाली. रामलीला, जागरण, निवडणुकीची सभा, लग्नाची वरात या सगळ्यांची गरज एकच होती, आवाज लांब गेला पाहिजे आणि शब्द कळला पाहिजे. कर्ण्याने तेवढे नक्की केले. पण दोन पिढ्यांचा कान त्या कर्ण्यावर आणि व्हॉल्व्हच्या पेटीवर घडला, आणि चांगला स्पीकर म्हणजे जोरात वाजणारा स्पीकर हे समीकरण बाजारात पक्के बसले.

परदेशी मॉनिटर आणायचा म्हटला तरी वाट नव्हती. आयात परवाने आणि जबर जकात यांमुळे १९९१ पर्यंत असे सामान कायदेशीर मार्गाने घरी आणणे जवळजवळ अशक्य होते. आखाती देशांतून परतणारे टू-इन-वन आणत, कोणी पालिका बाजारात चौकशी करत, एवढेच. भारतीय कंपन्यांपैकी कोलकात्याच्या सोनोडाइनने १९७० पासून घरगुती ध्वनिसंच बनवले आणि पुढे स्टुडिओसाठी ॲक्टिव्ह मॉनिटरही. देशी बनावटीच्या व्यावसायिक मॉनिटरचे नाव घ्यायचे झाले तर आजही आधी तेच घेतले जाते.

१९८० च्या दशकात कॅसेटने सगळे उलटेपालटे केले. दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातले गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये टी-सिरीजची स्थापना केली आणि नोएडा हे कॅसेटच्या धंद्याचे मोठे केंद्र झाले. भजने, प्रादेशिक गाणी, चित्रपटगीते स्वस्तात घरी आली. मुद्रणाचा धंदा मुंबई आणि कोलकात्याबरोबरच दिल्लीच्या परिसरातही आला, नोएडाच्या सेक्टर १६ए मध्ये फिल्म सिटी उभी राहिली, आणि आकाशवाणी-दूरदर्शनबाहेर मॉनिटरसमोर बसून काम करणारा खासगी तंत्रज्ञांचा वर्ग इथे प्रथमच तयार झाला. त्यांच्या कामाचा अंतिम श्रोता मात्र डेकवाला होता. दिल्लीच्या बसमध्ये, रिक्षात, पानाच्या टपरीवर वाजणारा डेक डोळ्यांपुढे ठेवून मिश्रण होई. त्यामुळे आवाज पुढे, ढोलकी पुढे आणि वरचे स्वर कॅसेटच्या सरसर आवाजावर मात करतील इतके उंच अशी घडण रूढ झाली. ती घडण चुकीची म्हणता येणार नाही, त्या डेकवर तीच योग्य होती. पण त्या कॅसेटी आज नेमक्या स्पीकरवर ऐकल्या तर कान शिणतो, याचे कारण त्या घडणीत आहे.

याच शहरात दुसरे, शांत काम चालू होते. १९५३ मध्ये उद्घाटन झालेल्या संगीत नाटक अकादमीने मंडी हाऊसजवळच्या रवींद्र भवनात ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह उभारला. आकाशवाणीचा संग्रह त्याहून मोठा, आणि २००३ मध्ये ‘आकाशवाणी संगीत’ या नावाने त्यातील निवडक मुद्रणे विक्रीला आली. मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे तिसरे उदाहरण म्हणजे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीतविद्येचे अभिलेखागार. ते १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाले, पुढे दिल्लीत आणि मग गुरुग्राममध्ये गेले. परदेशी अभ्यासकांनी भारतात केलेली आणि परदेशातच राहिलेली ध्वनिमुद्रणे प्रतिरूपाने इथे परत आणणे हे त्याचे मूळ उद्दिष्ट. १९३० च्या दशकात भारतभर फिरलेल्या आर्नल्ड बाके यांच्या मुद्रणांच्या प्रतीही त्यात आहेत. अशा जुन्या मुद्रणाचे डिजिटल रूपांतर करणाऱ्याला सतत एकच निर्णय घ्यावा लागतो, ऐकू येणारी खरखर फितीची आहे की वाद्याची. तंबोऱ्याच्या जवारीचा झणकार आणि फितीची सरसर या दोहोंचा पट्टा एकच असतो. स्पीकरने इथे खोटे सांगितले तर खरखरीबरोबर जवारीही पुसली जाते आणि ती परत येत नाही.

घरात मॉनिटर आला तो संगणकाबरोबर. १९९० च्या दशकाच्या अखेरीस साउंड कार्ड आणि मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर आवाक्यात आले, आयातीचे निर्बंध सैल झाले होते, आणि स्टुडिओचे तासाचे भाडे परवडत नसलेल्या तरुण संगीतकारांनी झोपायच्या खोलीत काम सुरू केले. १९९७ मध्ये एकत्र आलेल्या मिडिव्हल पंडित्झ या दिल्लीच्या जोडीचा पहिला अल्बम २००२ मध्ये एका अमेरिकन कंपनीने काढला. रागसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक ठेका यांची ती जुळवणी पूर्णपणे संगणकयुगाची होती. त्यानंतरच्या दशकात यूएसबी इंटरफेस आणि पिवळ्या शंकूचे केआरके, यामाहाचे एनएस-१० सारख्याच पांढऱ्या शंकूचे नवे संच, जेबीएलचे छोटे मॉनिटर नेहरू प्लेसपासून नेताजी सुभाष मार्गावरच्या वाद्यांच्या दुकानांपर्यंत दिसू लागले. हे सगळे ॲक्टिव्ह प्रकारातले. प्रत्येक खोक्यात स्वतःचा ॲम्प्लिफायर, तोही बहुधा खालच्या स्वरांच्या ऊफरला वेगळा आणि ट्वीटरला वेगळा. वेगळा ॲम्प्लिफायर निवडण्याची कटकट संपली, म्हणूनच घरगुती गिऱ्हाइकाला ते सोपे गेले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत निवेदक, डबिंग कलाकार आणि वादक यांना घरूनच काम करावे लागले, तेव्हा हा प्रकार हौसेचा न राहता पोटापाण्याचा झाला.

या टप्प्यावर दिल्लीच्या घराने आपला हिशेब मांडला. आकाशवाणीच्या स्टुडिओची खोली आवाजासाठी बांधलेली असते. डीडीएच्या (दिल्ली विकास प्राधिकरणाच्या) फ्लॅटमधली खोली तशी नसते. समजा ती १० बाय १२ फुटांची आहे, फरशी मोझॅकची, भिंती विटांच्या गिलाव्याच्या, एका कोपऱ्यात लोखंडी कपाट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट अडकते आणि ठरावीक कंप्रतेला ती फुगते. १२ फुटांच्या बाजूला ही कंप्रता सुमारे ४७ हर्ट्झ येते, १० फुटांच्या बाजूला सुमारे ५६, आणि त्यांच्या दुप्पट ९४ व ११२ ला पुन्हा तोच प्रकार. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झला असतो, म्हणजे ५६ आणि ९४ च्या फुगवट्यांमधल्या खळग्यात. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज ११७ च्या आसपास, म्हणजे ११२ च्या फुगवट्याच्या अगदी जवळ. एकाच स्पीकरवर, एकाच खोलीत पहिला तंबोरा अशक्त आणि दुसरा गदगदणारा वाटेल. दोष स्पीकरचा नाही. खोली चौरस असेल तर दोन्ही बाजूंचे फुगवटे एकाच जागी येऊन आणखी वाईट परिणाम होतो. छतही १० फुटांचे असेल तर तिसराही त्यात भर घालतो.

दिल्लीचे हवामान या गणितात स्वतःची पाचर मारते. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. जानेवारीच्या ५ अंशांना तो सेकंदाला सुमारे ३३४ मीटर, तर जूनच्या ४५ अंशांना सुमारे ३५७ मीटर. त्यामुळे वर सांगितलेला ४७ हर्ट्झचा फुगवटा थंडीत ४६ च्या खाली आणि उन्हाळ्यात ४९ पर्यंत सरकतो. त्याहून मोठा फरक सामानाचा. थंडीत खोलीत रजया, गालिचे, जाड पडदे येतात आणि आवाज मऊ होतो. एप्रिलमध्ये ते सगळे पेटीत जाते, उघडी फरशी राहते, कूलर सुरू होतो आणि मंद स्वर त्याच्या घरघरीत बुडतात. शंकूच्या कडेला फोमची पट्टी असलेले जुने स्पीकर उष्णतेने आणि दमटपणाने काही वर्षांत झडू लागतात. लाजपतराय मार्केटमध्ये शंकू आणि फोम बदलून देणाऱ्या कारागिरांचा धंदा त्यावर बराच चालला. नव्या मॉनिटरमध्ये रबरी कड आल्यामुळे ही तक्रार कमी झाली.

वीज हा आणखी एक त्रास. ५० हर्ट्झच्या प्रवाहाची गुणगुण, तिच्या १०० हर्ट्झच्या भावंडासह, जुन्या दिल्लीच्या घरांत जिथे अर्थिंगची तार नावापुरती असते तिथे स्पीकरमध्ये हमखास येते. संगणक एका प्लगवर आणि मॉनिटर दुसऱ्या खोलीतून ओढलेल्या बोर्डवर असेल तर जास्तच. दोन्ही एकाच बोर्डवर घेणे आणि साध्या वायरऐवजी तीन पिनांची बॅलन्स्ड वायर वापरणे या दोन गोष्टींनी बहुतेक वेळा ती थांबते. यासाठी महागडे स्टॅबिलायझर विकले जातात, त्यांची गरज क्वचितच पडते.

मांडणीचे नियम स्टुडिओतून जसेच्या तसे घरात आले आहेत. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण, बाजू एक ते दीड मीटर, ट्वीटर कानाच्या उंचीला. अंतर इतके जवळ ठेवण्याचे कारण म्हणजे भिंतींवरून परतणारा आवाज पोचण्याआधी स्पीकरचा थेट आवाज वरचढ राहावा. स्पीकर भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर मागे जाऊन परतणारी लाट सुमारे ९५ हर्ट्झला थेट लाटेला मारते आणि तिथे खड्डा पडतो. तो टाळण्यासाठी स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ ठेवून मागच्या बटणाने खर्ज कमी करणे हा छोट्या खोलीतला व्यवहार्य मार्ग आहे. खोलीच्या बरोबर मध्यावर बसणे टाळावे, कारण तिथे पहिला फुगवटा पूर्ण नाहीसा होतो आणि खर्जच नाही असा भास होतो. लोखंडी कपाट खर्जाला कंप पावून खडखडते. ते दुसऱ्या खोलीत हलवल्याने होणारा फायदा नवा स्पीकर घेऊन होणाऱ्या फायद्याहून मोठा असू शकतो. मोजमापाचा मायक्रोफोन आणि मोफत मिळणारे सॉफ्टवेअर आता घरबसल्या हे सगळे आलेखावर दाखवते.

राहिली ती उलटतपासणी, नेमका स्पीकर निव्वळ ऐकणाऱ्याला आवडतो का. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात याचे पद्धतशीर प्रयोग केले. श्रोत्यांना स्पीकर दिसणार नाहीत अशी पडद्याआडची व्यवस्था होती, जवळजवळ आकाशवाणीच्या ऑडिशनसारखीच, फक्त परीक्षा गायकाची नव्हे तर स्पीकरची. निष्कर्ष स्वच्छ निघाला. समोरून सपाट आणि बाजूंनीही गुळगुळीत उतरणारा प्रतिसाद असलेले स्पीकर बहुतेक श्रोत्यांनी पसंत केले. सजवलेला आवाज दुकानात जिंकतो आणि पडद्याआड हरतो. म्हणजे मॉनिटर कर्कश असतो ही समजूत एनएस-१० सारख्या ठरावीक स्पीकरमुळे पसरली. चांगला मॉनिटर घरी गाणे ऐकायलाही चांगलाच असतो. त्याच्यावर वाईट मुद्रण वाईट वाजते, एवढी एक अट मात्र मान्य करावी लागते.

पातळीचा प्रश्न उरतोच. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की कमी आवाजात कान खर्जाला बहिरा होतो. चित्रपटाचे मिश्रण ८५ डेसिबेलच्या संदर्भपातळीवर होते, घरच्या लहान खोलीत कान दुखू नये म्हणून ती सत्तरीत ठेवतात. भारतातले ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत, आणि निवासी भागात त्यांनी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. रात्री दहानंतर फ्लॅटच्या भिंतीतून पलीकडे जाणारा पहिला आवाज खर्जाचाच असतो, म्हणून काम करणारा माणूस आवाज कमी करतो, त्याला खर्ज कमी वाटतो, आणि मिश्रणात तो खर्ज वाढवून ठेवतो. सकाळी तीच फाइल गदगदते. ज्यांना घरी मिक्सिंग करायचे आहे त्यांनी खर्जाचे निर्णय दिवसाच घ्यावेत आणि रात्र कापाकापीच्या, संपादनाच्या कामाला ठेवावी.